तुझा शब्द, तुझी पोर

दामू,

आईने कोंड्याची पुरचुंडी बांधून दाराजवळच्या खुंटीला अडकवली आहे. उद्या सकाळच्या पॅसेंजरने ती घेऊन मला दरेकसाला जायचं आहे. तुझा दहावा आहे. तुझा पुतण्या कामठ्याहून परस्पर येणार आहे आणि नाल्यावर जे काही करायचं ते तोच करील. मी फक्त माझ्या पोरीला, कोंडीला, सोबत न्यायचं, तिच्या हाताने हा कोंडा तुझ्या नावाने ठेवायचा आणि तिला सोडवून परत आणायचं, असा आईचा हुकूम आहे. मूठभर कोंडा मोजून तू तिला विकत घेतलं होतंस. आता तूच राहिला नाहीस. मेलेल्या माणसाच्या मालकीची पोर घरात ठेवू नये, तो तिला कधीही बोलावून घेतो, असं आईचं म्हणणं. तू गेल्याचं कळल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तो तुझ्या दुःखाने की या भीतीने, हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही.

तू असतास तर मोठ्याने हसला असतास. मला हसू येत नाही. मी त्या पुरचुंडीकडे पाहतो आणि मला तुझा राग येतो.

माझ्या शाळेतल्या लोकांनी तुझ्यावर चार ओळी लिहून मागितल्या होत्या. जन्म कुठला, शिक्षण कुठे, किती वर्षं सेवा केली. मी नाही दिल्या. तसल्या ओळी कोणावरही बसतात. मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि तू अर्ध्यातून उठून गेला आहेस. त्या तुझ्या इंग्रजी शब्दावरून आपलं जे वाजलं ते मिटलंच नाही. दोन वर्षं आपण त्या विषयाला वळसा घालून बोलत राहिलो, पाऊस कसा आहे, धान कसं आहे, कोंडी गणितात कशी आहे. आता तूच नाहीस म्हटल्यावर मला सगळं बोलणं सुचू लागलं आहे.

कोंडी जन्मली तेव्हा धानाची मळणी नुकती आटोपली होती. आम्ही कामठ्यालाच होतो. सुशीलेला, माझ्या बायकोला, माहेरी पाठवायचा दिवस ठरला होता. त्याच्या आधीच, सातव्या महिन्यात, भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. तू नागपूरला डॉक्टरी शिकत होतास आणि सुट्टीला गावी आला होतास, हे आमचं नशीब. पोरगी जन्मली ती वीतभर. रडलीसुद्धा नाही, नुसती कुरकुरली. सुईणीने तिला सुपात ठेवलं आणि तोंड फिरवलं. आमचा पहिला मुलगा महिन्याच्या आत गेला होता, त्यामुळे पुढे काय होणार ते घरातल्या सगळ्यांना ठाऊकच होतं. मी ओसरीवर बसून होतो आणि मनात खड्ड्याची जागा ठरवत होतो.

मग तू हात पुसत बाहेर आलास आणि तो शब्द बोललास. "व्हायेबल हाय, मास्तर."

मला वाटलं एखाद्या रोगाचं नाव आहे. मी इंग्रजीचा मास्तर, पोरांना व्याकरणासाठी छडी मारणारा, आणि हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तू सांगितलंस की बाळंतपणाच्या पुस्तकात असतो. वेळेआधी आलं, पण जगण्याजोगं आहे, असं मूल. आणि लगेच माझ्यावरच ओरडलास, "म्हन्जे आता बसून नको राहू. कापूस आन. गोरसी पेटवाले सांग." मी उठलो. सगळं घर उठलं. नवी गादी फाडून कापूस काढला. धानाचा तूस छोट्या थैल्यांत भरून गोरसीच्या निखाऱ्यांवर गरम केला आणि त्या थैल्या सुपाच्या चारी बाजूंना लावल्या. माझ्या फाउंटन पेनमध्ये शाई भरायचा ड्रॉपर तू उकळून घेतलास आणि त्यातून तिला सुशीलेचं दूध थेंबाथेंबाने पाजलंस. सुट्टी संपली तरी तू गेला नाहीस. तुझ्या वडिलांनी तुला वेडा ठरवलं. पोरगी जगली.

गोंदियाला शाळा सुरू झाल्यावर मी तो शब्द मोठ्या कोशात शोधला. होता तिथे, दोन ओळींत, कोणी न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा एका कोपऱ्यात. शाळेत कोणाला माहीत नव्हता. मला तर तो फार आवडला. आमच्या घरातलं एक माणूस त्या शब्दाच्या आधाराने उभं राहिलं होतं, त्यामुळे तो मला आमच्या खाजगीतला वाटायचा.

बारशाच्या दिवशी आईने आपला हट्ट चालवला. ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथलं पोर दुसऱ्याला विकायचं, कोंड्याच्या मोलाने, म्हणजे वर बसून पाहणाऱ्याला वाटावं की हे काही यांचं नव्हे, आणि फुकटच्या किमतीचं आहे. पुढे लग्नाच्या वेळी तेवढंच मोल परत देऊन ते सोडवून आणायचं. आमच्याकडे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. विकत घेणारी बाई लेकुरवाळी असावी लागते, पण आईने तुझ्याकडे बोट दाखवलं. तू लग्न न झालेला, नागपूरला शिकलेला, जानवंसुद्धा खुंटीला टांगून ठेवलेला. तू हात जोडलेस. हे सगळं खोटं आहे असं तू तिला समजावू लागलास. आई म्हणाली, "खोटं तं खोटं. तुया हातानं जगली, तूच घे." तेव्हा तू धोतराच्या सोग्यात कोंडा घेतलास, मूठभर मोजून आईच्या पदरात टाकलास आणि सूप उचललंस. सूप हातात घेतल्यावर तुझा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. नंतर तू कितीही थट्टा केलीस तरी ते मी पाहिलेलं आहे. शाळेच्या पटावर पोरीचं नाव सुलभा. तुझ्यामुळे सगळ्या जगाची ती कोंडी झाली.

आता मुद्द्यावर येतो. तो शब्द गोंदियात आणला कोणी? तू आणलास. हे मी तुला तोंडावर म्हटलं होतं आणि आजही म्हणतो.

दरेकसाला दवाखाना हवा, हे तुझ्या डोक्यात घुसलं ते तिथून जवळच्या कचारगडच्या यात्रेपासून. माघात तिथे जंगलातून, डोंगरापलीकडून माणसं चालत येतात. तू एकदा हौसेने गेलास आणि पायांना पट्ट्या बांधत तिथेच बसलास. परत आलास तो बोलतच आलास. डोंगरात बाई अडली तर गाडीची वाट पाहते, आणि गाडी वेळेवर आली तरी स्टेशनपर्यंत तिला खाटेवर आणावं लागतं. तू गोंदियाच्या राइस मिलच्या शेठकडे गेलास. शेठने आणि आणखी चार व्यापाऱ्यांनी तेव्हा एक धर्मादाय ट्रस्ट काढला होता आणि पैसा कुठे घालावा हे त्यांना सुचत नव्हतं. तू त्यांना कोंडीची गोष्ट सांगितलीस. सुपातली पोर, तुसाच्या थैल्या, ड्रॉपर. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तू, मी शेजारीच बसलो होतो, म्हणालास, "शेठजी, दरेकसा का दवाखाना भी वैसा ही है। छोटा है, कमजोर है, पर व्हायेबल है।"

शेठने शब्द दोनदा म्हणून पाहिला. "वायबल. अच्छा शब्द है, डाक्टरसाब।" दवाखाना मिळाला. दोन खोल्या, चार खाटा, एक कंपाउंडर. तू इतका खूश होतास की परत येताना रेल्वे फाटकावर मला कडकडून मिठी मारलीस, आणि तुझ्या अंगाला नेहमीचा कार्बोलिकचा वास येत होता. तू गेल्यावर मी तुझ्या खोलीवर आलो तेव्हाही तोच वास होता.

शेठने पुढे तो शब्द आपल्या बिडीच्या कारखान्याला लावला. मग त्याच्या वकिलाने उचलला. मग ब्लॉकचं ऑफिस आलं, जीपमधून तरुण साहेब आले, आणि ते तर हा शब्द वरूनच शिकून आले होते. विहीर व्हायेबल, सोसायटी व्हायेबल, कोंबड्या व्हायेबल. राज्यांची पुनर्रचना निघाली तेव्हा पेपरांतून रोज चर्चा, विदर्भ एकटा व्हायेबल आहे की नाही. आमच्या गॅदरिंगच्या कमिटीत पोरं म्हणाली, सर, यंदा ऐतिहासिक नाटक व्हायेबल नाही. आणि एक दिवस तर आमच्या शेजाऱ्यांकडे लग्न जुळवणारा आला आणि त्याने सांगितलं, पोरगा काळा आहे पण स्थळ व्हायेबल आहे. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू खाटेवर आडवा पडून हसलास. तेव्हा अजून तू हसायचास.

मग लोकांना त्याचा कंटाळाही येऊ लागला. नागपूरच्या इंग्रजी पेपरात कोणा रिटायर माणसाने पत्र छापलं की हा शब्द म्हणजे साहेब लोकांचा नवा रोग आहे, अर्थ काही नाही, नुसता आवाज. आमच्या हेडमास्तरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं आणि निबंधात हा शब्द आला तर गुण कापा म्हणून सांगितलं. मी कापले. एका पोराने त्याच्या बैलजोडीवरच्या निबंधात तो घातला होता. लाल शाईने तो खोडताना माझा हात थबकला. ज्या शब्दाने माझी पोर उचलली तो मी एका पोराच्या वहीत खोडत होतो. तरी खोडलाच, कारण बैलाला तो खरंच शोभत नव्हता.

तुला याचा राग यायचा आणि मला तुझ्या रागाची गंमत वाटायची. मी म्हणायचो, शब्द काही कोणाच्या बापाचा नसतो. वापरातून फिरतो, झिजतो, दुसऱ्या कामाला लागतो. कोर्टातले, तोफखान्यातले, गलबतांवरचे किती शब्द आज स्वयंपाकघरात आहेत. तू म्हणायचास, फिरू दे, झिजू दे, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा तू जे बोललास ते माझ्या डोक्यात रुतून बसलं आहे. तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर आपण शेंगा फोडत बसलो होतो. तू म्हणालास, "मास्तर, माह्या पुस्तकात हा शब्द आला का मानसाचे हात चालू होते. ह्यायच्या तोंडी आला का हात थांबते. एवढाच फरक हाय." मी त्यावर काहीतरी वरवरचं उत्तर दिलं. शेंगा संपल्या, गाडीची वेळ झाली.

दवाखान्याचं पुढे काय होणार ते तुला माझ्याआधी दिसत होतं. शेठ म्हातारे झाले, ट्रस्टमध्ये त्यांचे जावई आले. शिकलेले, नीटनेटके, वाईट माणूस अजिबात नव्हे. गोंदियात मोठं हॉस्पिटल व्हावं असं त्यांच्या मनात होतं, आणि तेही चूक म्हणता येत नाही. दरेकसाला पेशंट कमी, औषधं फुकट, कंपाउंडर टिकत नाही. मिलच्या ऑफिसात बैठक ठेवली आणि तुला बोलावलं. तू मला सोबत नेलंस. वाटेत मी तुला पढवत गेलो. अडलेल्या बायकांचं सांग. पावसाळ्यात ताप कसा पसरतो ते सांग. रेल्वेचे गँगमन तुझ्याकडे येतात ते सांग. शेठच्या स्वतःच्या मुनिमाचं पोर तू काविळीतून काढलंस, तो तिथेच बसलेला असेल, त्याच्याकडे बघून सांग. तू मान डोलावत होतास.

जावयांनी अगदी आदराने सुरुवात केली. "डाक्टरसाब, आप समझदार आदमी हैं। दवाखाना अब वायबल नहीं रहा।"

आणि तू त्या शब्दावर घसरलास. मी तुझा सदरा खाली ओढला तरी तू थांबला नाहीस. मूल किती महिन्यांचं असलं म्हणजे जगू शकतं इथपासून तू सुरू केलंस. फुप्फुसं, नखं, कातडी, ऊब. अशक्त म्हणजे व्हायेबल नाही असं नव्हे, उलट हा शब्द अशक्तासाठीच आहे, धडधाकट पोराला तो कोणी लावत नाही, असं तू सांगितलंस. तो लावल्यावर पोराला खाली ठेवायचं नसतं, उचलायचं असतं, हेही सांगितलंस. तू सुंदर बोललास, दामू. वर्गात मी जन्मात असं बोललो नाही. पण ती मिलची कमिटी होती. चहा आला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कोणी घड्याळाकडेसुद्धा पाहिलं नाही. मुनीम तर म्हणाला की आज कुछ नया सीखने को मिला. आणि मग त्यांनी दवाखाना बंद केला. बायकांचा, तापाचा, गँगमनचा एक शब्द तुझ्या तोंडून निघाला नव्हता.

गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर तुझ्या गाडीची वाट बघताना मी तुला सोडलं नाही. म्हटलं, शब्दापायी दवाखाना घालवलास. त्यांना इंग्रजी शिकवायला गेला होतास की खाटा वाचवायला? आणि मग ते म्हटलं, की शेठला हा शब्द तूच शिकवलास, आता त्यांनी तुझ्यावरच उलटवला तर रडतोस कशाला. गाडीचा सिग्नल पडल्यावर म्हणालास, "दवाखाना तं ते बंद करनारच होते, मास्तर. म्या म्हटलं, शब्द तरी वाचते का पाहू."

हे बोलून तू डब्यात चढलास. ते खरंच आधीच ठरवून बसले होते का? मला तसं वाटत नाही. मुनीम तुझ्याकडे सारखा बघत होता. तू त्याच्या पोराचं नाव काढलं असतंस तर तो काहीतरी बोलला असता आणि जावयांना त्याचं ऐकावं लागलं असतं. तुला ती खात्री का नव्हती? की होती, आणि तुला भीक मागितल्यासारखं बोलायचं नव्हतं? मी हे तुला विचारायला हवं होतं. तू हट्टी होतास आणि मी तुझ्याहून हट्टी, म्हणून राहून गेलं.

आपण दोघंही एवढंच समजून चाललो की वेळ आहे.

दवाखान्याला कुलूप लागलं तरी तू दरेकसा सोडलं नाहीस. स्टेशनाजवळ एक खोली घेतलीस. मोहफुलं, कोंबडी, कधी जळणाची मोळी, लोक जे देतील ते घेत होतास आणि न दिलं तरी चालत होतं. तुझा सदरा कोपरावर फाटू लागला. कामठ्याहून भाऊ न्यायला आला तर त्याला जेवू घालून परत पाठवलंस. तुझी शेती कोणी बघायची यावरून तो चिडला, ते त्याचंही बरोबर होतं. दवाखान्याच्या दोन खोल्यांत पुढे तेंदूपत्त्याची पोती आली. तू रोज त्यांच्यासमोरून जात होतास. मी एकदा विचारलं, त्रास होत नाही का रे? तू म्हणालास, पोती कोरडी राहतात तिथे, छप्पर चांगलं बांधलं होतं आपण.

महिन्यातून एकदा मी कोंडीला घेऊन यायचो. ती तुझ्या कुशीत शिरून बसायची आणि तुझं आणि तिचं आमच्या बोलीतलं बोलणं चालायचं, ज्यात मला जागा नसायची. "मी तुमची इकत घेतलेली हाव न, काका?" असं ती विचारायची. तू म्हणायचास, "हो. पर लई महाग पडली." मूठभर कोंडा, आणि म्हणे महाग. मी समोर बसून पेपर वाचत असायचो. खरं सांगू, मला थोडा हेवा वाटायचा.

यंदाही तू कचारगडला गेलास. ताप अंगात घेऊन गेलास असं स्टेशनवरचा चहावाला सांगतो. मी म्हातारा झालो नाही अजून, असं त्याला म्हणालास म्हणे. यात्रा संपली आणि तू खोलीवर येऊन पडलास. ज्या ज्या लोकांना तू तापातून उठवलं होतंस त्यांतल्या कोणाला तुझ्यासाठी काय करावं ते माहीत नव्हतं. त्यांनी तुला ऊब दिली, पाणी पाजलं, गाडीत घालून गोंदियाला न्यायचं ठरवलं आणि स्टेशनपर्यंत खाटेवर आणलंही. गाडी यायच्या आधीच तू गेलास. ज्या प्रसंगासाठी तू तिथे दवाखाना काढलास तो तुझ्यावरच आला, आणि पन्नास पावलांवर तूच बांधलेल्या खोलीत पोती कोरडी होती. तेव्हा मिलच्या ऑफिसात तू फुप्फुसांबद्दल बोलत बसला नसतास तर, हा विचार मी दिवसातून कितीदा करतो. मला तुझा राग येतो तो याचा. तू शब्द वाचवायला गेलास आणि मला माझा मित्र हवा होता.

नवं राज्य होणार आहे, असं पेपरात येतं आहे. तुझा शब्द पुन्हा पहिल्या पानावर आला आहे. मी पेपर घडी करून ठेवून देतो.

आता आई झोपायला गेली. जाताना पुरचुंडीला हात लावून गेली.

*

वरचं जायच्या आदल्या दिवशी लिहिलं होतं. आज दरेकसाहून परत आलो आहे, म्हणून पुढचं लिहितो.

तुझ्या दहाव्याला मी समजत होतो त्याहून खूप माणसं होती. डोंगरातून आलेली, गँगमन, चहावाला, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. गोंडीत, छत्तीसगढीत हळू आवाजात काहीतरी बोलणं चाललं होतं ते मला कळलं नाही. तुझ्या पुतण्याने नाल्यावर सगळं नीट केलं. भटजींनी विचारलं, आणखी कोणाला काही वाहायचं आहे का. मी कोंडीच्या हातात पुरचुंडी दिली आणि आईने सांगितल्याप्रमाणे तिला सांगितलं, की हे ठेव आणि म्हण, काका, मोल पावलं.

कोंडी पुढे गेली नाही. पुरचुंडी छातीशी धरून उभी राहिली. मी दोनदा खुणावलं. मग जवळ जाऊन हळू विचारलं, काय झालं. ती रडत नव्हती. तुझ्यासारखाच हट्टी चेहरा करून म्हणाली, "कायले देऊ? काकानं मले वापस थोडीच केलं."

मी तिला समजावू शकलो असतो. आजी काळजी करते, ही नुसती रीत आहे, असं सांगता आलं असतं. पण मला तुझं ते मिलमधलं बोलणं आठवलं. उचलायचं असतं, खाली ठेवायचं नसतं. तेव्हा ते चुकीच्या ठिकाणी बोललेलं होतं, असं मी अजूनही म्हणतो. त्या लोकांना ते कळणारच नव्हतं. पण नाल्याच्या काठावर मला ते कळलं, आणि तुझ्याशी भांडायचं माझं बळ थोडं कमी झालं. सगळं गेलं नाही, हे लक्षात ठेव.

मी भटजींना म्हटलं, काही वाहायचं नाही.

परतीच्या गाडीत कोंडी खिडकीशी बसली. दवाखान्याच्या त्या दोन खोल्या दिसेनाशा होईपर्यंत ती मागे बघत होती. मला आईची धास्ती वाटत होती. तिला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो. सालेकसा गेलं, आमगाव गेलं, तरी काही जुळलं नाही.

आई दारातच बसली होती. कोंडीच्या हातात पुरचुंडी तशीच पाहून तिने माझ्याकडे पाहिलं. "देल्लं नाही?" मी नाही म्हटलं. पोर द्यायला तयार नव्हती, म्हटलं. मला वाटलं आता कपाळ बडवून घेईल. तिने कोंडीला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला, धडधाकट आहे ना हे बघितल्यासारखा. मग पुरचुंडी सोडली आणि कोंडा गाईपुढच्या टोपल्यात ओतला.

"रायू दे मंग," ती म्हणाली. "त्याले तरी दुसरं कोन हाय."